रक्तपेढीचा शिल्पकार : डॉ. चार्ल्स ड्रू

राष्ट्रीय सेवा योजनेच्या रक्तदान शिबिरात आपल्यापैकी पुष्कळांनी भाग घेतला असेल. दात्याच्या हातातून निघालेले रक्त पिशवीत जमा होते, पिशवीवर चिठ्ठी लावली जाते आणि तिच्यावर रक्तगट नोंदला जातो. ए, बी, एबी किंवा ओ. दात्याची जात, धर्म किंवा कातडीचा रंग त्या चिठ्ठीवर नसतो. ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. परंतु १९४२ साली अमेरिकेसारख्या विज्ञानात पुढारलेल्या देशात रेडक्रॉससारखी सेवाभावी संस्था दात्याचा वंश नोंदवून घेत होती आणि काळ्या माणसाचे रक्त गोऱ्या सैनिकाला चुकूनही दिले जाऊ नये म्हणून ते वेगळे ठेवीत होती. याहून विलक्षण गोष्ट अशी की, हे रक्त मोठ्या प्रमाणावर गोळा करण्याची, तपासण्याची आणि टिकविण्याची पद्धत बसवून देण्यात ज्या डॉक्टरचा सर्वांत मोठा वाटा होता, तो स्वतः कृष्णवर्णीय होता. त्याचे नाव डॉ. चार्ल्स रिचर्ड ड्रू.

ड्रू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. वडील गालिचे बसविण्याचे काम करीत. आईने शिक्षिकेचे शिक्षण घेतले होते. पाच भावंडांत चार्ल्स थोरले. घर श्रीमंत नव्हते, पण खाऊनपिऊन सुखी आणि शिक्षणाला मान देणारे होते. १९२० मध्ये त्यांची बहीण एल्सी क्षयाने आजारी असतानाच इन्फ्लुएंझाच्या साथीत दगावली. वैद्यकाकडे वळण्याचे बीज त्या मृत्यूने पेरले असे म्हणतात. पण शाळेत असताना त्यांचे नाव गाजत होते ते मैदानावर. डनबार हायस्कूलमधून ते १९२२ मध्ये बाहेर पडले आणि खेळातील प्रावीण्यामुळे मिळालेल्या शिष्यवृत्तीवर ॲमहर्स्ट कॉलेजात गेले. तिथेही फुटबॉल आणि धावण्याच्या शर्यती यांत त्यांनी नाव काढले. अभ्यासात मात्र ते तेव्हा बेताचेच होते.

१९२६ मध्ये पदवी मिळाली, पण वैद्यकाच्या शिक्षणाला पैसा नव्हता. दोन वर्षे त्यांनी बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात खेळांचे संचालक आणि विज्ञानाचे शिक्षक म्हणून नोकरी केली. पैसे साठले, तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला. काळ्या मुलाने वैद्यक शिकायचे कुठे?

हा प्रश्न ड्रू यांच्या एकट्याचा नव्हता आणि तो समजल्याशिवाय त्यांच्या पुढच्या आयुष्याचा अर्थ लागत नाही. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकेतील वैद्यकीय शाळांची पाहणी करून एक प्रसिद्ध अहवाल लिहिला. प्रयोगशाळा नसलेल्या, रुग्णालय नसलेल्या, नुसत्या फीवर चालणाऱ्या शाळा बंद व्हाव्यात हा त्याचा रोख योग्यच होता, आणि त्यामुळे अमेरिकन वैद्यकाचा दर्जा उंचावला हेही खरे. पण काळ्या विद्यार्थ्यांसाठी त्या वेळी ज्या सात शाळा होत्या, त्यांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी या दोनच टिकविण्यालायक असल्याचे त्यात म्हटले होते, आणि १९२३ पर्यंत त्या दोनच शिल्लक राहिल्या. काळ्या डॉक्टरने आपल्या लोकांत आरोग्याचे व स्वच्छतेचे काम करावे, त्यांचे रोग गोऱ्यांपर्यंत पोहोचू देऊ नयेत, एवढीच फ्लेक्सनर यांची त्याच्याकडून मुख्य अपेक्षा होती. निष्णात शल्यचिकित्सक किंवा संशोधक म्हणून त्याची कल्पना त्यांनी केलेली दिसत नाही. बंद पडलेल्या शाळांतील विद्यार्थ्यांना इतर शाळांची दारे उघडी झाली असती तर गोष्ट वेगळी. पण ती बहुतेक बंदच होती. आणि पदवी मिळाली तरी अडचण सुटत नव्हती. डॉक्टर पुस्तकावर तयार होत नाही, रुग्णाच्या खाटेजवळ तयार होतो. मोठी रुग्णालये काळ्या पदवीधराला उमेदवारीसाठी घेत नसत. दक्षिणेत तर काळ्या डॉक्टरला आपला रुग्ण रुग्णालयात न्यावा लागला की तो गोऱ्या डॉक्टरच्या हवाली करून स्वतः दाराबाहेर थांबावे लागे.

ड्रू यांनी हॉवर्डकडे अर्ज केला. तो नाकारला गेला, कारण त्यांचे इंग्रजी विषयाचे तास थोडे कमी भरत होते! (विज्ञानाचे विद्यार्थी भाषा विषयाला नावे ठेवतात तेव्हा आपण कला शाखेच्या मंडळींनी हा दाखला सांगण्यासारखा आहे.) हार्वर्डने प्रवेश दिला, पण पुढच्या वर्षीचा. थांबण्याची त्यांची तयारी नव्हती. ते सरहद्द ओलांडून कॅनडात गेले आणि १९२८ मध्ये माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात दाखल झाले. अभ्यासात बेताचा असलेला हा खेळाडू इथे बदलला. पैशाची कायमची ओढाताण असूनही १९३३ मध्ये १३७ जणांच्या वर्गात दुसरा क्रमांक मिळवून त्यांनी पदवी घेतली. जॉन बीटी नावाच्या ब्रिटिश अध्यापकामुळे त्यांना रक्तसंक्रमणाच्या प्रश्नाची गोडी लागली, तीही इथेच.

रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टाइनर यांनी शतकाच्या आरंभीच लावला होता. एका माणसाचे रक्त दुसऱ्याला द्यायचे तर गट जुळले पाहिजेत आणि हे गट जगातील सर्व मानवसमूहांत आढळतात, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यास ठाऊक होते. अडचण निराळीच होती. शरीराबाहेर काढलेले रक्त टिकत नाही. शीतपेटीत ठेवले तरी त्या काळी ते आठवडाभरात बिघडू लागे. त्यामुळे ऐनवेळी दाता शोधायचा, त्याला शेजारी झोपवायचे आणि रक्त द्यायचे, असा प्रकार चाले. आधी साठवून ठेवलेले रक्त वापरण्याचे प्रयोग सोव्हिएत रशियात झाले होते, आणि १९३७ मध्ये शिकागोत बर्नार्ड फँटस यांनी अशा साठ्याला रक्तपेढी हे नाव दिले. तेव्हा ड्रू यांनी रक्तपेढी शोधून काढली असे जे सरसकट लिहिले जाते ते बरोबर नाही. त्यांच्या कामाचे मोल कमी नाही. ते वेगळ्या ठिकाणी आहे.

शस्त्रक्रियेतील पुढील प्रशिक्षणासाठी त्यांना अमेरिकेतल्या एखाद्या नामांकित रुग्णालयात जायचे होते. ते जमले नाही. वडील वारल्यावर १९३५ मध्ये ते वॉशिंग्टनला परतले आणि ज्या हॉवर्डने प्रवेश नाकारला होता तिथेच विकृतिशास्त्र शिकवू लागले. तिथून १९३८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि त्याला जोडलेल्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात गेले. तिथले शल्यविभागाचे प्रमुख ॲलन व्हिपल हे जगन्मान्य शल्यचिकित्सक. पण काळ्या डॉक्टरने गोऱ्या रुग्णाला हात लावायचा हा विचार त्यांनाही अवघड वाटला असावा. त्यांनी ड्रू यांना रुग्णांपासून दूर, जॉन स्कडर यांच्या प्रयोगशाळेत बसविले. ज्याला शस्त्रक्रिया शिकायची आहे त्याला बाटल्यांतील रक्ताचा अभ्यास करायला लावणे ही शिक्षाच होती. ड्रू यांनी ते काम जीव ओतून केले, आणि हळूहळू स्वभावाच्या व कौशल्याच्या बळावर वॉर्डांतही प्रवेश मिळविला. ज्या संशोधनामुळे त्यांचे नाव अजरामर झाले ते एका बंद दारामुळे त्यांच्या वाट्याला आले, हा योगायोग मला तरी मोठा चमत्कारिक वाटतो. मात्र त्यावरून भेदभावाचे समर्थन कोणी करू नये. अशा दारांपाशी जे नुसते उभेच राहिले, त्यांची चरित्रे लिहिली गेलेली नाहीत.

साठविलेल्या रक्तात नेमके काय बिघडते, कोणते रसायन किती टाकावे, बाटलीचा आकार कसा असावा, थंडावा किती असावा, हे सारे तपासून त्यांनी १९४० मध्ये साठविलेल्या रक्तावर प्रबंध लिहिला. कोलंबियाची वैद्यकातील डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. दरम्यान १९३९ मध्ये लेनोर रॉबिन्स या प्राध्यापिकेशी त्यांचा विवाह झाला होता. थोरल्या मुलीला घरात बीबी म्हणत. ब्लड बँक या शब्दांची ती आद्याक्षरे! संशोधकाच्या घरातही थट्टेला जागा असते.

त्या वर्षी इंग्लंडवर जर्मन बाँब पडू लागले. जखमींना आणि भाजलेल्यांना रक्ताची निकड होती, पण ताजे रक्त अटलांटिक ओलांडेपर्यंत टिकणे शक्य नव्हते. प्लाझ्मा म्हणजे रक्तातील पेशी काढून उरलेला पिवळसर द्रव टिकतो, आणि पेशी नसल्यामुळे त्याला गटाचे बंधनही फारसे राहत नाही. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांनी मिळून ब्रिटनसाठी प्लाझ्मा पाठविण्याची योजना आखली. परंतु प्रत्येक रुग्णालयाची रीत वेगळी, आणि कुठे जंतू शिरले तर औषधाचे विष व्हायचे. सप्टेंबर १९४० मध्ये ड्रू यांना या योजनेचे वैद्यकीय संचालक नेमले गेले. त्यांनी सर्वांना एकच पद्धत लावून दिली, कुशल माणसे बसविली, प्रत्येक साठ्याची जंतूंसाठी मध्यवर्ती तपासणी सुरू केली. जानेवारी १९४१ मध्ये योजना संपली तोवर १४,५५६ रक्तदाने झाली होती आणि ५,००० लिटरहून अधिक प्लाझ्मा-द्रावण इंग्लंडला रवाना झाले होते. लगेच रेडक्रॉसने अमेरिकन सैन्यासाठी कोरड्या प्लाझ्माचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला आणि ड्रू यांना त्यात साहाय्यक संचालक केले. रक्त गोळा करण्यासाठी शीतपेट्या बसविलेल्या मोटारी गावोगाव नेण्याची व्यवस्थाही याच कामात आकाराला आली.

१९४१ च्या वसंतात ते हॉवर्डला परतले. सैन्याच्या इच्छेला मान देऊन रेडक्रॉसने काळ्या दात्यांचे रक्त घ्यायचेच नाही असे ठरविले, ते त्याच वर्षाच्या अखेरीस. त्यावर ओरड झाली तेव्हा, जानेवारी १९४२ मध्ये, घेऊ पण वेगळे ठेवू अशी तडजोड झाली. म्हणजे या धोरणाचा निषेध म्हणून ड्रू यांनी राजीनामा दिला ही प्रचलित कथा तारखांशी जुळत नाही. पण ते गप्पही बसले नाहीत. रक्ताच्या या वाटणीला विज्ञानाचा काडीइतकाही आधार नाही, हे त्यांनी वेळोवेळी जाहीरपणे मांडले. १९४४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे स्पिंगार्न पदक त्यांना मिळाले, तेव्हाही त्यांनी हा विषय सोडला नाही. आणखी एक विसंगती इथेच सांगण्यासारखी आहे. ड्रू यांचा वर्ण इतका उजळ होता की अपरिचित माणूस त्यांना सहज गोरा समजे. ज्या काळेपणावर हा सारा डोलारा उभा होता, तो डोळ्यांनाही नीट ओळखता येत नव्हता. मग बाटलीतील रक्तात तो कसा सापडणार!

न्यूयॉर्कमध्ये राहून ते रक्तशास्त्रातील मोठे अधिकारी झाले असते. तरी ते हॉवर्डला का गेले? कारण रक्त हे त्यांचे जीवितकार्य नव्हतेच. त्यांना शल्यचिकित्सक तयार करायचे होते. १९४१ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सा मंडळाची परीक्षा ते उत्तीर्ण झाले आणि त्याच वर्षी त्या मंडळाचे परीक्षकही झाले. हा मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. हॉवर्डच्या शल्यविभागाचे ते प्रमुख झाले आणि विद्यापीठाला जोडलेल्या फ्रीडमेन्स रुग्णालयात मुख्य शल्यचिकित्सक म्हणून काम करू लागले. हे रुग्णालय १८६२ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी निघाले होते. साधने अपुरी, निधी तोकडा, रुग्ण मात्र अलोट.

त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसमोर सवलतीची भाषा कधीच ठेवली नाही. काळ्या डॉक्टरसाठी एक माप आणि गोऱ्यासाठी दुसरे, हे जसे समाजाकडून त्यांना मान्य नव्हते, तसे विद्यार्थ्यांकडूनही मान्य नव्हते. देशातल्या कोणत्याही उत्तम रुग्णालयातील उमेदवाराशी आपला विद्यार्थी तुल्यबळ ठरला पाहिजे हा त्यांचा आग्रह. पहाटेपासून वॉर्डांतली फेरी, रात्री उशिरापर्यंत शस्त्रक्रिया, आणि मधल्या वेळात विद्यार्थ्यांना पुढील शिक्षणासाठी जागा मिळाव्यात म्हणून ठिकठिकाणच्या प्रमुखांना पत्रे. १९४८ मध्ये त्यांच्या पहिल्या तुकडीने मंडळाची परीक्षा दिली आणि ती उत्तम रीतीने पार पाडली. १९४१ ते १९५० या काळात मंडळाची मान्यता मिळालेल्या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या हाताखाली तयार झाले होते. शिक्षकाच्या कामाचा हिशेब सहसा मांडता येत नाही. इथे तो आकड्यांत मांडता येतो.

आणि तरीही अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे दार या माणसाला बंद होते. या संघटनेत शिरायचे तर आधी स्थानिक वैद्यक संस्थेचे सभासद व्हावे लागे, आणि वॉशिंग्टनची स्थानिक संस्था काळ्यांना घेत नसे. राष्ट्रीय संघटना स्थानिक संस्थेकडे बोट दाखवून मोकळी होई. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. रुग्णालयात काम करण्याची मुभा, चर्चासत्रे, नव्या उपचारांची माहिती, पुढील प्रशिक्षण, हे सारे कमीअधिक प्रमाणात या सभासदत्वाशी जोडलेले होते. १९४७ मध्ये ड्रू यांनी संघटनेच्या नियतकालिकाच्या संपादकांना खरमरीत पत्र लिहिले. उपयोग झाला नाही. ते अखेरपर्यंत बाहेरच राहिले. संघटनेने आपल्या या इतिहासाबद्दल कृष्णवर्णीय डॉक्टरांची माफी मागितली, तेव्हा २००८ साल उजाडले होते.

अलाबामातील टस्कीगी येथे दरवर्षी वसंतात कृष्णवर्णीय डॉक्टर जमत आणि गरिबांसाठी मोफत रुग्णसेवा करीत. ड्रू तिथे नेमाने जात. ३१ मार्च १९५० चा सारा दिवस कामात गेला आणि मध्यरात्रीनंतर ते तीन सहकारी डॉक्टरांसह मोटारीने निघाले. आळीपाळीने गाडी चालवायची असे ठरले होते. दक्षिणेकडच्या वाटेवर काळ्या प्रवाशांना मुक्कामाला जागा मिळण्याची मारामार, म्हणून असे रातोरात जाणेच बरे वाटे. १ एप्रिलच्या सकाळी उत्तर कॅरोलिनात बर्लिंग्टनजवळ ड्रू यांना चाकावरच डुलकी लागली आणि गाडी उलटली. सहकारी वाचले. ड्रू यांना बर्लिंग्टनच्या ॲलामन्स जनरल रुग्णालयात नेण्यात आले. तिथे थोड्याच वेळात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४५.

लवकरच एक बातमी सर्वतोमुखी झाली. गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्यांना आत घेतले नाही. रक्तपेढीचा शिल्पकार रक्ताच्या एका बाटलीवाचून रस्त्यावर मेला. पुढे पुस्तकांतून, भाषणांतून, दूरचित्रवाणीच्या मालिकांतूनही ही कथा आली. ती खरी नाही. त्या रुग्णालयातील गोऱ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर तातडीने उपचार केले होते, आणि बरोबरच्या सहकाऱ्यांनी ते वारंवार सांगितले. दुखापतीच अशा होत्या की कोणाचाच इलाज चालला नसता.

मग खोटी कथा इतकी खरी का वाटली? इतिहासकार स्पेन्सी लव्ह यांनी या प्रश्नाचा माग काढून १९९६ मध्ये एक पुस्तक लिहिले, आणि त्यात एक दुसरी हकिकत उजेडात आणली. ड्रू यांच्यानंतर आठच महिन्यांनी, १ डिसेंबर १९५० रोजी, त्याच परिसरात कृष्णवर्णीय महाविद्यालयीन विद्यार्थ्याला मोटार अपघात झाला. महायुद्धात सैनिक म्हणून काम करून आलेला हा २४ वर्षांचा तरुण. त्याला आधी त्याच ॲलामन्स जनरलमध्ये नेले. डोक्याची दुखापत गंभीर, म्हणून डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयाकडे पाठविले. तिथे काळ्यांसाठी राखलेल्या मोजक्या खाटा भरलेल्या होत्या. त्याला परत फिरविण्यात आले, आणि काळ्यांच्या लहानशा रुग्णालयात पोहोचल्यावर थोड्या वेळात तो गेला. त्याचे नाव फारसे कोणाला कळले नाही. लोकांनी त्याचे मरण ड्रू यांच्या नावावर जमा केले, असे म्हटले तरी चालेल. ड्यूक हे वैद्यकीय शिक्षणाचे नामांकित केंद्र होते. किती खाटा कोणत्या रंगाच्या रुग्णासाठी हे तिथल्या विद्यार्थ्यांना कोणी वर्गात शिकविले नसेल. वॉर्डांतून फिरताना ते आपोआप अंगवळणी पडत असणार.

त्याच डिसेंबरात रेडक्रॉसने रक्ताची वंशवार नोंद बंद केली. काही दक्षिणी राज्यांत मात्र कायद्याने ती पुढे चालू राहिली. अर्कान्सास राज्यात १९६९ पर्यंत आणि लुइझियानात १९७२ पर्यंत. माणूस चंद्रावर जाऊन आला तरी तिथे रक्ताचा रंग पाहिला जात होता! बाटलीवरची चिठ्ठी गेली, पण डोक्यातली जायला अधिक वेळ लागतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठातील एका अभ्यासात गोरे वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर यांना काही विधाने देण्यात आली होती. काळ्यांची कातडी गोऱ्यांपेक्षा जाड असते, अशा तऱ्हेची. सुमारे निम्म्यांना त्यांतले निदान एक तरी चुकीचे विधान खरे वाटले, आणि ज्यांना तसे वाटले त्यांनी काळ्या रुग्णाच्या वेदना कमी लेखल्या. मूत्रपिंडाचे काम मोजण्याच्या सूत्रात काळ्या रुग्णासाठी वेगळा गुणक वापरण्याची रीत होती. त्यामुळे आजार आहे त्यापेक्षा सौम्य भासे. तो गुणक गाळण्याची शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञांनी केली ती २०२१ मध्ये.

ड्रू यांच्या नावाने १९६६ मध्ये लॉस एंजेलिस येथे वैद्यकीय शाळा निघाली, १९८१ मध्ये त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या शल्यचिकित्सकांच्या प्रतिष्ठित संस्थेने त्यांना आपले सदस्यत्व दिले ते १९५१ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर. ते वारले तेव्हा हॉवर्डमध्ये त्यांच्या व्याख्यानांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांत लासाल लेफॉल नावाचा एक तरुण होता. तो १९५२ मध्ये पदवीधर झाला, कर्करोगावरील शस्त्रक्रियांत निष्णात झाला, आणि पुढे ड्रू यांच्याच खुर्चीवर बसून त्याने पंचवीस वर्षे हॉवर्डच्या शल्यविभागाची धुरा वाहिली. १९९५ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने लेफॉल यांना आपले अध्यक्ष केले.